शेकर गीत निवडताना

आपल्या वृंदातील मुले बारा-चौदा वर्षांची असतील, तर गाण्याच्या कीर्तीआधी त्याचा पल्ला पाहावा, कारण आवाज फुटू लागलेल्या मुलांना पाच-सहा सुरांपलीकडे जाणे अनेकदा जड जाते. अमेरिकेतील मेन राज्यात १८४८ मध्ये शेकर या ख्रिस्ती पंथातील जोसेफ ब्रॅकेट यांनी रचलेले ‘सिंपल गिफ्ट्स’ हे गीत साधारण एका सप्तकात बसते. तरीही पट्टी प्रत्येकाचा आवाज ऐकूनच ठरवावी आणि ज्यांना वरचे सूर लागत नाहीत, त्यांना आधारस्वर धरू द्यावा. शेकर मंडळी ही गीते मुळात साथीशिवाय, एकसुरात गात असत, म्हणून भरगच्च स्वरमेळाची संहिता मी सुरुवातीला टाळतो. हे नृत्यगीत आहे, हेही ध्यानात ठेवावे. प्रार्थनेसारखे संथ गायल्यास शब्दांतील वळण्या-वाकण्याचा अर्थच हरवतो.