धाप लागली, की दम्याचा अटॅक आला?

तीव्र दमा असलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक वेळा वजनाचं गाऱ्हाणं घेऊन. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, दमा आटोक्यात राहील. वजन उतरवायचं तर चालायला हवं, आणि चालायला लागलं की छाती भरून येते. बसून राहावं तर वजन वाढतं. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळते. "यातून बाहेर पडायला वाटच नाही हो," असं एक बाई मला म्हणाल्या होत्या. त्यांचीच हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि अशाच काही जणांचे अनुभव त्यात मिसळलेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, वजन ८४ किलो. दमा लहानपणापासूनचा. रोजचे पंप, अधूनमधून गोळ्यांचा कोर्स, एकदा अतिदक्षता विभागातही राहून आलेल्या. छातीच्या डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली होती, तरी पाऊल उचलत नव्हतं.

"किती कमी करायचंय?" मी विचारलं.

"वीस किलो."

"हा आकडा कुणी दिला?"

"कुणी नाही. कॉलेजात असताना तेवढं कमी होतं."

अशा आकड्यांनीच माणूस आधी खचतो. वजन जास्त असलेल्या दमेकऱ्याचं ५ ते १० टक्के वजन उतरलं, तरी दम्यावरचा ताबा सुधारू शकतो. ८४ किलोंच्या हिशेबात हे साधारण ४ ते ८ किलो होतात. हे ऐकून त्या थोड्या सैलावल्या आणि मग खाली बघत म्हणाल्या, "मी गोळी अर्धी करते कधीकधी. वजन वाढतं म्हणून. डॉक्टरांना माहीत नाही."

हे मी अनेकांकडून ऐकलंय, म्हणून इथे जरा थांबते. स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अशा वेळी ती आपल्या मनाने तोडली किंवा बंद केली, तर दमा उसळतोच, शिवाय जिवावरही बेतू शकतं. वजनाची तक्रार डॉक्टरांसमोर उघडपणे मांडा. तीव्र दम्याच्या काही प्रकारांत आता इंजेक्शनं आहेत, त्यांच्या आधाराने गोळीचा डोस हळूहळू उतरवता येतो. पंपातल्या स्टिरॉइडचा डोस मात्र मायक्रोग्रॅममध्ये असतो, तो थेट श्वासनलिकांत जातो. वजनाच्या धास्तीने तो सोडणं म्हणजे पुन्हा गोळीवर येण्याची तयारी. बाईंनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना खरं सांगितलं. मला हे वजनाच्या कुठल्याही आकड्याहून मोठं वाटलं.

दुसरी अडचण लाजेची होती. "आधी पंप मारून मग चालायचं, याला काय व्यायाम म्हणायचं?" मी पॉला रॅडक्लिफचं नाव घेतलं. लहान वयातच दम्याचं निदान झालेल्या या धावपटूने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम केला. औषधं घेऊनच ती धावली. बाईंना धावायचं नव्हतंच, पण औषध घेऊन केलेले कष्टही कष्टच असतात, एवढं त्यांना पटलं.

खरी गाठ मात्र पुढे होती.

मी त्यांना विचारलं, "चालताना धाप लागते तेव्हा तुम्ही काय करता?"

"लगेच थांबते. पंप घेते. बसते."

"आणि मनात काय येतं?"

"आता संपलं."

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. प्रसंग आणि त्याचा त्रास यांच्यामध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं, आणि ते तपासून बघता येतं, हा तिचा गाभा. एरवी मी म्हटलं असतं, "कशावरून संपलं?" पण अतिदक्षता विभागातून परत आलेल्या माणसाला हे विचारणं क्रूरपणाचं आहे. त्यांची भीती पुराव्यावर उभी होती. तिनेच त्यांना एकदा वेळेवर रुग्णालयात पोचवलं होतं. तीव्र दम्यात भीती घालवायची नसते, तिला नेमकं करायचं असतं. कधी ऐकायचं आणि कधी नुसतं लक्ष ठेवायचं, हे तिला शिकवायचं असतं. इतक्या वर्षांच्या कामातून माझ्या हाती लागलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असं मी मानते.

डॉक्टरांशी बोलून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पंप घेऊन आणि तो हाताशी ठेवून आम्ही माझ्याच खोलीत एक प्रयोग केला. बाईंकडे पीक फ्लो मीटर होतं, म्हणजे जोराने फुंकलेली हवा मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र. आकडा मोठा, तर नलिका मोकळ्या. त्यांची स्वतःची सर्वोत्तम फुंकर ३५० ची. त्या दिवशी सुरुवातीला ३२० आली. मग खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. थोड्याच वेळात धाप लागली आणि चेहरा पांढरा पडला.

"सुरू झालं," त्या म्हणाल्या.

"काय सुरू झालं?"

"तेच."

"फुंका."

३१५. त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा फुंकलं, ३२०. मी म्हटलं, आता बसून राहू. व्यायामाने श्वासनलिका आवळायच्या असतील तर बहुधा थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत त्रास वाढतो. साधी धाप त्या वेळात उतरत जाते. आम्ही बसून राहिलो. त्यांचा हात पंपावर होता, मी तो काढायला सांगितला नाही. काही मिनिटांत श्वास संथ झाला. दहा मिनिटांनी फुंकलं, ३१०.

बराच वेळ त्या मीटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत धाप लागल्यावर पुढे काय होतं, ते मी कधी थांबून बघितलंच नाही."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, हे फार महत्त्वाचं. मी शंभरदा समजावून जे झालं नसतं, ते त्या तीन आकड्यांनी केलं. "धाप लागली, आता संपलं" याच्या जागी "धाप लागलीय, दहा मिनिटांनी कळेल" हे वाक्य आलं. त्यात खोटा धीर नाही, म्हणून ते टिकलं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. छातीत शिट्टीसारखा आवाज, न थांबणारा खोकला, छाती आवळणं, थांबूनही वाढत जाणारी धाप आणि पडलेली फुंकर, ही अटॅकची लक्षणं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आणि वरचेवर उसासे हे पुष्कळदा घाबरून भराभर श्वास घेतल्याने होतं. पण दोन्ही एकत्रही येतात. शंका आली की अटॅकच समजा आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे वागा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर थेट रुग्णालय. फुंकर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली असेल त्या दिवशी व्यायामाला सुट्टी. ५० टक्क्यांखाली गेली तर ती आणीबाणी.

पुढचं काम मग कंटाळवाणं, पण सरळ होतं. दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू अंग गरम करायचं. तसं केल्याने पुढे काही वेळ नलिका कमी चिडू शकतात. मग मिनिटभर चालणं, मिनिटभर थांबणं. सलग दमवणाऱ्या व्यायामापेक्षा असे तुकडे दमेकऱ्याला सहसा सोसतात. एकदम थांबायचं नाही, वेग उतरवत यायचं. हवा गार, कोरडी असेल तर नाका-तोंडावर रुमाल. धूर-धूळ असेल तर घरातच. वेग असा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं. यात मी आवर्जून ताकदीचे व्यायाम घालायला सांगते. उठबस, भिंतीला हात टेकवून दंड, हलकी वजनं. ते थांबत थांबत केले तर श्वास फार चढत नाही, आणि स्टिरॉइडने स्नायू व हाडं अशक्त होऊ शकतात त्यांनाही आधार मिळतो.

वजन मात्र मुख्यतः ताटातूनच उतरतं. गोळीच्या काळातली भूक ही औषधाची भूक आहे, हा आपला अधाशीपणा नाही, हे कळलं की माणूस स्वतःला कमी शिव्या घालतो. त्या दिवसांत वजन उतरवायचा हट्ट धरू नये, वाढू न देणंही पुष्कळ झालं. बाई वजनाकाट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहायच्या. रोजच्या वहीत मात्र फुंकर, चाललेली मिनिटं आणि धाप उतरायला लागलेला वेळ. यातला शेवटचा रकाना सर्वांत आधी सुधारला.

घरच्यांशीही बोलावं लागलं. जीव तुटतो म्हणूनच ती माणसं "तू उठू नकोस, मी आणते" म्हणतात. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की थोडी धाप लागली तर धावत येऊ नका, "फुंकर किती आली?" एवढं विचारा. त्यांना ते सर्वांत अवघड गेलं.

वजन ७९ वर आलं आणि त्यानंतर सर्दी-तापाचं निमित्त होऊन मोठा अटॅक आला. गोळ्यांचा कोर्स झाला, दोन किलो परत चढले. असं होतंच. या टप्प्यावर पुष्कळ जण सगळं सोडून देतात, म्हणून मी जरा काळजीतच होते. बाई वही घेऊन आल्या. डॉक्टरांना आधी विचारून त्यांनी पुन्हा मिनिटभर चालणं, मिनिटभर थांबणं इथून सुरुवात केली होती. घरच्यांना सांगितलं चार दिवसांनी.