नाटक शिकवणाऱ्याला स्वतः मोठं नाटक लिहिता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नाट्यविभागात नोकरी करणारा माणूस स्वतः दमदार नाटक लिहू शकतो, की शिकवण्यातच त्याची धार जाते? आणि उदाहरण शक्यतो इंग्लंड-अमेरिकेबाहेरचं हवंय.

मी एकच उदाहरण देतो, कारण ते मला फार जवळचं आहे. रेझा द वेट. दक्षिण आफ्रिकेच्या, आफ्रिकान्समध्ये (म्हणजे डच भाषेतून तिथे घडलेल्या भाषेत) लिहिणाऱ्या नाटककार. आधी अभिनेत्री, मग ऱ्होड्स विद्यापीठाच्या नाट्यविभागात अध्यापक, आणि या सगळ्याबरोबर लेखन. जन्म 1952 चा, सेनेकाल या फ्री स्टेट प्रांतातल्या लहानशा गावातला. वारल्या 2012 च्या जानेवारीत, साठीही गाठली नव्हती.

ऱ्होड्स हे इंग्रजी माध्यमाचं विद्यापीठ. ते आहे ग्रॅहमस्टाउनला (2018 पासून या गावाचं नाव मखांडा झालं). इंग्रज वसाहतकारांनी वसवलेलं गाव, भोवती खोसा बोलणारी वस्ती, आणि तिथे बसून या बाई फ्री स्टेटच्या उजाड शेतवाड्यांवर आफ्रिकान्समध्ये लिहितात. 1974 पासून याच गावात दरवर्षी मोठा राष्ट्रीय कलामहोत्सव भरतो. म्हणजे उरलेलं वर्ष शांत आणि हिवाळ्यातले थोडे दिवस साऱ्या देशाचं नाटक दाराशी. शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा कुठली मिळणार, असं मला नेहमी वाटतं.

त्यांचं नाव झालं ते 'दीपे ख्रॉन्ट' या नाटकाने, 1985 साली. पहिला प्रयोग झाला विद्यापीठांच्या नाट्यमहोत्सवात. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांतून माणसं पुढे येतात, तसंच काहीसं. शीर्षक एका आफ्रिकान्स म्हणीतून आलंय: शांत पाणी, खोल तळ, तळाशी सैतान घिरट्या घालतो. पण 'ख्रॉन्ट' म्हणजे जमीनही. आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द आला की त्यात वतन, देवाने दिलेला हक्क, बापजाद्यांची हाडं असं सगळं येतं. त्या एका शब्दावर द वेट यांनी अख्खं नाटक उभं केलं.

फ्रिकी आणि सुसी हे भाऊबहीण पडझड झालेल्या शेतघरात राहतात. वयाने मोठे, पण वागणं मुलांचं. सोबत अलिना, त्यांना सांभाळणारी काळी दाई. आईबापांपेक्षा तीच त्यांची खरी माय. आईबाप नाहीत. ते का नाहीत, हे हळूहळू कळत जातं: मुलांनीच त्यांना मारलंय. शहरातून ख्रूवे नावाचा वकील चौकशीला येतो, नीटनेटका, कायद्याचा माणूस. तो जिवंत परत जात नाही.

अशी गोष्ट सांगितली की नाटक नुसतं भयाचं वाटेल. पण रंगमंचावर जे दिसतं ते वेगळंच आहे. हे दोघं भाऊबहीण एक खेळ खेळत राहतात. कधी बाप व्हायचं, कधी आई व्हायचं, आवाज बदलायचा, शिक्षा द्यायची, शिक्षा घ्यायची, पुन्हा मूल व्हायचं. कर्मठ घरातली सगळी हिंसा प्रेक्षकाला या खेळातूनच कळते. बाहेरून कोणी निवेदन करत नाही. तालमीच्या खोलीत आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. पात्राचा भूतकाळ संवादातून सांगण्याऐवजी तो नटाच्या अंगात उतरवायचा, आणि दुसऱ्याच क्षणी अंगातून काढून टाकायला लावायचा. नाट्यवर्गात आपण भूमिका बदलण्याचे जे व्यायाम करून घेतो, त्यांचंच इथे नाटक झालंय.

या नाटकाचं मूळही सांगायला हवं. आफ्रिकान्समध्ये शेतावरच्या आयुष्याच्या कादंबऱ्यांची मोठी परंपरा आहे. मुलांसाठी अल्बा बाऊवर यांनी लिहिलेल्या 'रिफीरप्लास'च्या गोष्टी तर घरोघरी वाचल्या जायच्या: फ्री स्टेटमधलं शेत, गोरी लहान मुलगी, तिच्यावर माया करणारी काळी बाई, सगळं ऊबदार. द वेट यांनी तेच घर, तीच मुलं, तीच दाई घेतली आणि पुढे काय झालं असेल ते दाखवलं. लहानपणी हाताला धरून झोपवलेल्या गोष्टीने मोठेपणी मान धरावी, तसं ते प्रेक्षकाला लागलं असणार.

1986 मध्ये हे नाटक जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरला झालं. जाता जाता सांगतो, हे नाट्यगृह 1976 मध्ये जुन्या इंडियन फ्रूट मार्केटच्या इमारतीत सुरू झालं. जिथे फळांचे ढीग लागत, तिथे वर्णभेदाच्या काळात काळे-गोरे एकत्र बसून नाटक बघत. त्याच 1976 मध्ये सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. त्यामुळे दहा वर्षांनी त्याच भाषेतलं नाटक त्या रंगमंचावर येणं ही साधी गोष्ट नव्हती. 1986 मध्ये देशभर आणीबाणी होती. रंगभूमीवर थेट निषेधाची नाटकं जोरात होती आणि त्यांची गरजही होती. द वेट यांच्या नाटकात घोषणा नाही, पोलीस नाही, मोर्चा नाही. तरी ज्या घराने वर्णभेदाची सत्ता जन्माला घातली, त्या घराचं स्वयंपाकघर आणि निजायची खोली त्यांनी उघडी केली, तीही त्या घराच्याच भाषेत. माझ्या मते ते काम घोषणेपेक्षा सोपं नव्हतं.

'दीपे ख्रॉन्ट', 'ऑप दीस आर्दे' आणि 'नाख, खेनेराल' ही तीन नाटकं पुढे फ्री स्टेट त्रयी म्हणून एकत्र छापली गेली. त्यानंतर आली दुसरी त्रयी: 'मिस', 'मिराकेल' आणि 'ड्रिफ'. 'मिराकेल'मध्ये मंदीच्या काळात गावोगाव फिरणारी नटमंडळी आहेत. 'ड्रिफ'मध्ये नदीच्या उतारापाशी राहणाऱ्या दोन बहिणी आणि बुडून मेलेल्यांची सावली. दोन्ही चांगली आहेत. पण मला बोलायचंय 'मिस'बद्दल.

'मिस' या आफ्रिकान्स शब्दात शेणखत आहे, धुकं आहे, चर्चमधली प्रार्थना आहे आणि नाहीसं होणंही आहे. इंग्रजीत त्याचं 'मिसिंग' झालं, म्हणजे चारातला एकच अर्थ हाती उरला. काळ 1936. गावाबाहेरचं एक घर, आई मीम, तरुण मुलगी मैसी, आणि खर्टी नावाची अविवाहित बाई. शेणखताच्या गोण्या शिवून त्या पोट भरतात. बाप माळ्यावर जाऊन बसलाय, खाली येत नाही. गावात सर्कस आली की त्या रात्री एक मुलगी नाहीशी होते, असं दरवर्षी चाललंय. राखणीला एक आंधळा पोलीस शिपाई येतो. शेवटी गणवेशाखालून त्याचा विदूषकाचा पोशाख निघतो आणि मैसी त्याच्याबरोबर निघून जाते. तिला पळवलं की तिची सुटका झाली, हे नाटक ठरवत नाही.

मी कॉलेजच्या मुलांबरोबर नाटकं बसवतो. तीन वर्षांपूर्वी 'मिसिंग'चा सुरुवातीचा भाग आम्ही नुसता सरावासाठी, तोंडी मराठीत उतरवत वाचला. पहिले दोन दिवस मुली खुर्च्यांवर बसून वाचत होत्या आणि प्रत्येक वाक्य भुताच्या गोष्टीसारखं येत होतं. आवाज खोल, डोळे मोठे. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून रिकामी बारदानं, दाभण आणि सुतळी आणली आणि सांगितलं, शिवत शिवत बोला. सगळं बदललं. दाभण बोटात शिरू नये म्हणून नजर खाली गेली, आवाज साधा झाला. मुली नाहीशा होतात हे वाक्य सुतळी ओढता ओढता, बाजारभाव सांगावा तसं आलं. अंगावर काटा आला तो तेव्हा. भय आवाजात आणायचं नसतं, हातातल्या कामाखाली दाबायचं असतं. हे सांगायला मला अर्धा तास लागला असता, बाईंनी ते नाटकातच शिवून ठेवलं होतं.

हर्ट्झॉग पुरस्कार हा आफ्रिकान्स साहित्यातला सर्वांत मानाचा. नाटकासाठी तो त्यांना दोनदा मिळाला: 1994 मध्ये या दोन्ही त्रयींसाठी, आणि 1997 मध्ये 'द्री सुस्टर्स ट्वी' (तीन बहिणी, भाग दोन) या नाटकासाठी.

हे 1997 चा पुरस्कार मिळालेलं नाटक तुमच्या प्रश्नाचं फार थेट उत्तर आहे. रशियन नाटककार चेखॉव्हच्या 'तीन बहिणी' या नाटकातल्या बहिणींचं पुढे काय झालं, हा नाटक शिकवणाऱ्याच्या डोक्यात घोळणारा प्रश्न. वर्गात आपण विचारतोच की, पडदा पडल्यावर हे पात्र कुठे जातं? द वेट यांनी तो प्रश्न वर्गात सोडला नाही. त्यांनी बहिणींना रशियातल्या यादवी युद्धात, 1920 मध्ये नेऊन उभं केलं. जुनं घर, संपत आलेला वर्ग, येऊ घातलेली नवी सत्ता. 1994 च्या निवडणुकीत गोऱ्यांची सत्ता गेल्यानंतर हे नाटक पाहणाऱ्या आफ्रिकानर प्रेक्षकाला रशिया किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना करा. चेखॉव्हच्याच 'अंकल वान्या' आणि 'सीगल' यांनाही त्यांनी असंच पुढे नेलं. त्यांनी इंग्रजीतही लिहिलं, आणि जुनी नाटकंही लंडनच्या एका प्रकाशकाने इंग्रजीत काढली.

तर शिकवण्याने धार जाते का? काहींची जाते, मी पाहिली आहे. तेच ते उतारे, तीच टिपणं, आणि दहा वर्षांनी माणूस नाटकाविषयी बोलतो पण नाटक करत नाही. द वेट यांची गेली नाही याचं कारण मला त्यांच्या पानांवर दिसतं. त्यांच्या प्रत्येक प्रवेशात नटाला करायला काहीतरी असतं. शिवणं, लपणं, दुसऱ्याचा आवाज काढणं, बंद दारापलीकडचं ऐकणं.

वाचायला सुरुवात 'मिसिंग'पासून करा, आणि गटात वाचणार असाल तर बारदान विसरू नका. 'दीपे ख्रॉन्ट' इंग्रजीत 'आफ्रिकन गॉथिक' नावाने आहे, ते नंतर घ्या. त्यातली हिंसा आणि भावाबहिणीतलं नातं यांबद्दल वाचनाआधी मुलांशी मोकळेपणाने बोला. मी एकदा न बोलता संहिता हातात दिली. एक मुलगी अर्ध्यावर उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बसून बोललो, आणि मग ती म्हणाली की सुसी तिलाच वाचायची आहे.