.३०८ की .३०-०६? पाच प्रश्न, पाच उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न रायफलीच्या काडतुसांच्या एकाच जोडीभोवती फिरतात: .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड. दोन्हींत गोळी एकाच व्यासाची, ७.८२ मिलिमीटर. म्हणूनच निवड अवघड वाटते.

प्रश्न: पहिलीच रायफल घेतोय. शिकार हरणाची, अंतर बहुतेक वेळा दोनशे मीटरच्या आत. काका .३०-०६ शिवाय दुसरं नाव घेत नाहीत, मित्र म्हणतो .३०८ घे. कुणाचं ऐकू?

मित्राचं. पण काकांचंही चुकलेलं नाही, ते का ते तिसऱ्या उत्तरात येईल.

.३०-०६ हे अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेलं काडतूस. नावातलं ०६ त्या सालाचंच. .३०८ बाजारात आलं १९५२ साली. मधल्या काळात दारू सुधारली होती, त्यामुळे जुन्या काडतुसाचा बहुतेक जोर सुमारे बारा मिलिमीटर आखूड कवचात, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बसवता आला. दाबाची कमाल मर्यादाही थोडी वर नेली: चौरस इंचाला ६२,००० पौंड, तर .३०-०६ ची ६०,०००.

आता वेग बघा. १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी .३०८ मधून सेकंदाला ८६० मीटरच्या आसपास सुटते, .३०-०६ मधून ८८५ च्या आसपास. दोन्ही रायफली दोनशे यार्डांवर नेमाला बसवल्या, तर तीनशे यार्डांवर .३०८ ची गोळी .३०-०६ च्या गोळीपेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त खाली येते. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जागा साधारण वीस सेंटिमीटरची असते. तुमच्या अंतरावर तर हा फरक शोधूनही सापडणार नाही.

म्हणून मी आधी काडतूस ठरवतच नाही, आधी गोळीचं वजन ठरवतो. १५० ते १६५ ग्रेनमध्ये काम भागत असेल, तर .३०८ घ्यावं. त्याची ॲक्शन (काडतूस भरणारी आणि बाहेर टाकणारी यंत्रणा) आखूड, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) कमी मागे ओढावा लागतो, रायफल थोडी हलकी आणि दारूही कमी जळते. तुमचं काम यात बसतं.

प्रश्न: मी अंगाने किरकोळ आहे. .३०-०६ चा धक्का खरंच इतका जास्त असतो का?

एकाच वजनाची रायफल आणि एकाच वजनाची गोळी धरली, तर .३०-०६ चा धक्का पंधरा टक्क्यांच्या आसपास जास्त. त्यात अर्धा ग्रॅमभर जास्त दारू जळते, त्याचा हा हिशेब. पण गोळी बदलली की चित्र पालटतं: .३०-०६ मधून १५० ग्रेनची आणि .३०८ मधून १८० ग्रेनची गोळी झाडा, खांद्याला दोन्ही जवळपास सारख्याच लागतात.

त्याहून मोठा फरक कुंद्याने पडतो. कुंदा, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा दस्ता, तुमच्या हाताच्या मापाला जास्त लांब असेल, तर तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येतो आणि तिथे साधा धक्काही झोंबतो. रायफल खांद्याला लावून बघा: गाल सहज टेकला पाहिजे आणि मान न ताणता स्कोपमधलं पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. मागे चांगलं रबरी पॅड लावा. मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायच्या भोकांच्या टोपणाने, धक्का निश्चित कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवतो आणि शेजारी उभ्या माणसाला तो जास्त लागतो. कानांना संरक्षण दोघांनीही घ्यायचंच.

धक्क्याची भीती लपवू नका. भीती असली की चाप ओढतानाच डोळे मिटतात, गोळी पोटात जाते आणि जनावर जखमी होऊन रानात मरत पडतं. हे मला कुठल्याही काडतुसाच्या बढाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तुम्ही .३०८ घ्या, हलक्या गोळ्यांनी सुरुवात करा.

प्रश्न: पुढे एल्क आणि मूस या हरणांच्या मोठ्या जातींची शिकार करायची आहे. .३०८ कमी पडेल का?

चांगल्या गोळीने आणि बेताच्या अंतरावर कमी पडणार नाही. १८० ग्रेनची गोळी .३०८ मधून सेकंदाला ८०० मीटरने निघते, .३०-०६ मधून ८२० ने. मूसला हा फरक कळत नाही. गोळी आत जाताना फुटून विखुरली की टिकून खोल गेली, हे मात्र त्याच्या जिवाशी निगडित आहे. शिसं आवरणाला घट्ट जोडलेली बाँडेड किंवा अखंड तांब्याची गोळी घ्या. साधी, पटकन पसरणारी हरणाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर वापरू नका.

काकांचं म्हणणं इथे खरं ठरतं. गोळी जितकी जड, तितकी लांब; आणि .३०८ च्या आखूड काडतुसात ती बसवायची, तर कवचात आतवर दाबावी लागते. दारूची जागा तीच खाते. .३०-०६ मध्ये ही जागा भरपूर आहे, म्हणून त्यात २२० ग्रेनची गोळीही कारखान्यातून तयार मिळते. दाट झाडीत, जवळून, मोठ्या जनावरावर जड गोळी वापरायची असेल, तर माझं मत .३०-०६ ला. त्या त्या ठिकाणी किमान कॅलिबरचे, म्हणजे गोळीच्या व्यासाचे, नियम असतात, ते आधी वाचा. मात्र या दोघांची गोळी एकाच व्यासाची, त्यामुळे त्या नियमात दोन्ही एकाच बाजूला पडतात.

प्रश्न: माझी .३०-०६, भावाची .३०८. गोळी तर एकच आहे. अडीनडीला एकमेकांची काडतुसं चालतील?

नाही. कधीच नाही.

.३०-०६ चं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, घातलं, तर बोल्ट बंदच होत नाही. तिथे निदान रायफलच तुम्हाला थांबवते. उलट प्रकार घातक आहे. दोन्ही कवचांच्या बुडाचा व्यास सारखाच, १२ मिलिमीटर. त्यामुळे .३०-०६ च्या बोल्टची पकड .३०८ च्या कडेला धरून ठेवू शकते, बोल्ट बंद होतो आणि बार उडतोही. पण कवचाचा खांदा (पुढे ते निमुळतं होतं तो भाग) जिथे टेकायला हवा, तिथून तो दहा मिलिमीटर मागे राहतो. आधार नसलेलं पितळ फाटून तप्त वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येऊ शकतात.

शिकारीला एकत्र जाता, तेव्हा खिसे वेगळे ठेवा आणि सुटं काडतूस भरण्याआधी त्याचं बूड बघा. मधल्या प्रायमरभोवती (दारू पेटवणाऱ्या टिकलीभोवती) काडतुसाचं नाव कोरलेलं असतं. अंधुक उजेडात वाचता येत नसेल, तर भरू नका.

प्रश्न: वडिलांची जुनी .३०-०६ आहे. ती विकून नवी .३०८ घेऊ का?

नको. आधी जाणकार गनस्मिथकडून चेंबर, हेडस्पेस (बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला उरणारी जागा) आणि नळी तपासून घ्या. ती ठीक निघाली, तर हरणासाठी १५० ग्रेनच्या आणि मोठ्या जनावरासाठी १८० च्या गोळ्या घ्या. गोळीचं वजन बदललं की नेम पुन्हा बसवायला विसरू नका. दोन्हींचे ठोके लक्ष्यावर एकाच जागी पडतीलच असं नाही.