एफडी मोडून कॅम्पर व्हॅन घ्यावी का?

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो, वय ४६. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पगार हातात ७२,००० येतो. घरखर्च, त्यातला घराचा २४,००० चा हप्ता धरून, ५५,००० आहे. एफडीत १२ लाख, पीपीएफमध्ये ८ लाख. साडेसहा लाखांत नवी मारुती ईको व्हॅन घ्यायची, अडीच लाखांत तिचं कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घ्यायचं आणि पाच महिने बिनपगारी रजा काढून दोघांनी १५,००० किलोमीटर भारत फिरायचा, असा विचार आहे. हॉटेलचा खर्च वाचत असल्याने व्हॅन परवडेल असं वाटतं. एफडी मोडू की कर्ज काढू?

नमस्कार.

प्रवासाला जरूर जा, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्तीनंतर फिरू म्हणून थांबलेली बरीच माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत. पुढे कुणाचे गुडघे गेले, कुणाची जोडीदार राहिली नाही. तुमची इच्छा पुढे ढकला असं मी म्हणणार नाही. पण व्हॅनचं गणित मात्र पुन्हा मांडावं लागेल.

पाच महिने म्हणजे १५० रात्री. साध्या लॉजला रात्रीचे १,२०० धरले तर १ लाख ८० हजार होतात. व्हॅन असली तरी सगळ्या रात्री तिच्यात निघत नाहीत. अंघोळ, कपडे धुणं, पाऊस, नाहीतर नुसता कंटाळा, यासाठी तीनातली एक रात्र लॉजवर जातेच. म्हणजे ६० हजार तरीही जाणार आणि खरी बचत १ लाख २० हजारांची. ती मिळवायला तुम्ही अडीच लाख नुसत्या फर्निचरवर घालताय, आणि ते गाडी विकताना परत येत नाहीत. घोडबंदर रोडच्या एका गॅरेजात मी अशी गाडी आतून पाहिली आहे. प्लायवूडचा पलंग पत्र्याला स्क्रूने ठोकलेला, छोटं सिंक, खाली वीस लिटरचा कॅन. ड्रिल मारलेल्या प्रत्येक भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं धरलेलं. गिऱ्हाईक आलं की एकच म्हणायचं, आधी हे सगळं काढून द्या.

दुसरी अडचण कायद्याची. सीट काढून पलंग पक्का बसवला की आसनक्षमता आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, नोंदीशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. विमा कंपनीला न कळवता केला, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. घरापासून दोन हजार किलोमीटरवर ही वेळ यायला नको.

आता तुमच्या पत्रात नसलेला खर्च. पाच महिने पगार नाही म्हणजे ३ लाख ६० हजार गेले. पत्नीच्या शिकवण्या बंद राहतील ते वेगळंच. पेट्रोल बघा: लिटरला १४ किलोमीटर आणि १०४ रुपये धरले तर १५,००० किलोमीटरला साधारण १ लाख ११ हजार. म्हणजे सगळ्या प्रवासाच्या पेट्रोलच्या तिप्पट पैसे रजेतच जातात. खरी काटकसर रजेत करायची आहे.

म्हणून मी एका फेरीच्या दोन फेऱ्या करायला सांगेन, पन्नास-पन्नास दिवसांच्या. हंगामही हेच सांगतो. मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बंद असतो, ईशान्येत जून ते सप्टेंबर पावसाचा जोर, आणि कोकण-केरळात उन्हाळ्यात बंद गाडीत झोप लागत नाही. सलग पाच महिन्यांत कुठेतरी चुकीच्या ऋतूत सापडालच. नोव्हेंबरनंतर दक्षिण करा. पनवेलला राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला की तो थेट कन्याकुमारीपर्यंत नेतो. साठलेली हक्काची रजा या फेरीला वापरा. ती विकून पैसे मिळणार असतील तर ते बुडतील, पण पगार चालू राहील. उत्तरेची फेरी पुढच्या जूनमध्ये, बिनपगारी. तिच्यात पगाराचा तोटा १ लाख २० हजार.

एफडीतल्या १२ लाखांपैकी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ३ लाख ३० हजार, बाजूला ठेवा. मुलीच्या उरलेल्या शिक्षणासाठी मी ३ लाख २० हजार धरतो. फी आणि हॉस्टेलचा खरा आकडा तुम्ही घाला. उरतात साडेपाच लाख. तीन-चार वर्षं जुनी ईको पावणेचार लाखांच्या आत बघा आणि २५ हजारांत सुताराकडून उचलून काढता येईल असा फळ्यांचा पलंग करून घ्या, गाडीला एकही भोक न पाडता. पहिल्या फेरीला पेट्रोल ५६ हजार, सतरा रात्री लॉज, बाहेरचं जेवण, पंक्चर, सर्व्हिसिंग धरून १ लाख १० हजार लागतील. बेरीज ५ लाख १० हजार. दुसऱ्या फेरीचे पैसे मधल्या महिन्यांच्या पगारातून साठवा. पीपीएफला हात लावू नका.

कर्ज तर नकोच. पाच लाख, १४ टक्के, पाच वर्षं म्हणजे महिन्याला ११,६३४ चा हप्ता आणि जवळपास दोन लाख व्याज. आधीच २४,००० चा हप्ता आहे.

गाडी बघताना दोन गोष्टी पाहा. पिवळ्या पाटीची मालवाहू ईको स्वस्त मिळते, ती घेऊ नका. ती खासगी करून घेणं म्हणजे आरटीओचे हेलपाटे, शिवाय टोलसाठीचा फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो. हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत टोलच्या २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, असा सुरू झाला. तुमच्या अंतराला तो नक्की वसूल होतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर मात्र चालत नाही. दुसरं, सीएनजीचा मोह होईल, पण टाकी मागची जागा खाते आणि लडाखकडे सीएनजी मिळणार नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला आरोग्य विम्याची वाटते. पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा कंपनीचाच असेल. बिनपगारी रजेत तो चालू राहतो का, हे एचआरकडून लेखी घ्या. स्वतःची दहा लाखांची फॅमिली पॉलिसी निघण्याच्या किमान दोन महिने आधी काढा, कारण अपघात सोडला तर पहिले ३० दिवस आजारपणाला संरक्षण नसतं. बीपी, शुगर असेल तर लपवू नका. अशा आधीच्या आजारांना संरक्षण मिळायला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ते घड्याळ पॉलिसी काढल्यावरच सुरू होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

आणि गाडी घेण्याआधी एक तयार कॅम्पर तीन दिवस भाड्याने घ्या. गुहागरपर्यंत जाऊन या, दोन्ही रात्री गाडीतच झोपा. संपूर्ण पत्रात ताई 'पत्नी' म्हणून एकदाच येतात आणि त्यांना काय हवं आहे ते कुठेच नाही. रात्री-अपरात्री स्वच्छतागृह शोधायचा त्रास त्यांनाच जास्त होणार आहे. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, पन्नास रात्रींत लॉज किती रात्री हवा. ताईंचा आकडा मला कळवा. माझ्या हिशोबातल्या सतराच्या जागी तो घालून मी तुम्हाला नवा हिशोब करून देतो.