याक पांढरा, मग नाक काळं कसं? वासराचा रंग कशावरून ठरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिक्कीमला चांगू तलावापाशी पर्यटकांना बसवून फिरवणारा एक पांढराशुभ्र याक दिसला, पण त्याचं नाक काळं होतं. शेजारचा याक अंगानं काळाकुट्ट, पण त्याच्या नाकाभोवती राखाडी-पांढरी कडा होती. मग अंगाचा रंग आणि नाक वेगवेगळे येतात का? आणि दोन काळ्या याकना पांढरं वासरू होऊ शकतं का?

मी जनावरांच्या आनुवंशिकीत काम करतो, तेही मुख्यतः गाईंवर. तरी उत्तर देतोय, कारण याकच्या रंगाचा बराचसा हिशेब गाईच्याच वहीत सापडतो.

आधी नाक. रानटी याक काळपट तपकिरी असतो आणि त्याच्या नाका-ओठांभोवती फिकट केसांची कडा असते. ही मूळ ठेवण. जर्सी गाय जवळून पाहिली असेल तर तिच्या तोंडाभोवतीही असंच फिकट कडं दिसतं. सस्तन प्राण्यांच्या केसांत दोनच रंगद्रव्यं असतात: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-लाल. कुठलं बनवायचं हे ठरवणाऱ्या जनुकाचं नाव एमसी१आर. त्याची मूळ प्रत शरीराच्या सूचना ऐकते, म्हणून अंगावर काळं आणि तोंडाभोवती फिकट असा फरक पडू शकतो. गाईंमध्ये या जनुकाची आणखी एक प्रत आहे, ती कुणाचंच ऐकत नाही, सदैव काळंच बनवायला लावते. अशा जनावराच्या तोंडाभोवतीचं कडंही काळं होतं. तिसरी प्रत बिघडलेली. आई आणि बाप दोघांकडून तीच आली तर जनावर तांबडं. सदैव काळी प्रत मूळ प्रतीला झाकते आणि मूळ प्रत तांबडीला.

अमेरिकेतले याक पाळणारे काळ्या याकची विभागणी नाकावरूनच करतात. राखाडी नाकाचा तो ‘नेटिव्ह’, नाकासकट पूर्ण काळा तो ‘इम्पीरियल’. कपाळावर, पायांवर, शेपटीच्या टोकाला थोडं पांढरं असेल तर ‘ट्रिम’ आणि आपण ज्याला बांडा म्हणू तो ‘रॉयल’. नावं जरा दिमाखदार आहेत, पण नाक वेगळं मोजायची सवय योग्य आहे. गाईंचा हिशेब लावला तर काळ्या नाकाच्या जोडीला राखाडी नाकाचं वासरू होऊ शकतं: दोघांकडेही एकेक मूळ प्रत लपलेली असेल तर सरासरी चारांत एक. राखाडी नाकाच्या जोडीला मात्र काळ्या नाकाचं वासरू होणार नाही, कारण झाकणारी प्रत दोघांकडेही नाही.

आता पांढरा रंग, आणि इथे गोष्ट खरी रंगते. पांढरा हा मुळात रंगच नव्हे, रंग बनवणाऱ्या पेशी तिथवर न पोहोचल्याची ती खूण. गर्भात या पेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून सरकत सगळीकडे पसरतात. कपाळ, खूर, शेपटीचं टोक ही सर्वांत लांबची गावं. पेशी कमी पडल्या की आधी तीच कोरडी राहतात. या प्रवासाला केआयटी नावाचं जनुक लागतं. 2012 साली बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी गाईंमध्ये दाखवलं की केआयटी असलेला सहाव्या गुणसूत्रावरचा तुकडा एकोणतिसाव्या गुणसूत्रावर जाऊन बसला आहे, आणि काही गाईंत तिथून एक तुकडा परत सहाव्यावर आला आहे. अशी एकच प्रत मिळालेल्या जनावराची कूस रंगीत राहते, पाठीवर पांढरा पट्टा येतो. दोन्ही प्रती अशाच आल्या तर जनावर जवळजवळ पांढरं होतं, पण कान आणि नाक रंगीत उरतात.

तुमच्या चांगूच्या पांढऱ्या याकचं काळं नाक या नमुन्यात नीट बसतं. त्याचे डोळेही काळे असतील तर तो अल्बिनो, म्हणजे जन्मतः रंगद्रव्यच न बनणारा, नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या रंगपेशी तिथल्या तिथेच तयार होतात, त्यांना हा प्रवास करावाच लागत नाही.

चीनच्या गान्सू प्रांतातल्या थ्येनचू भागात पांढऱ्या याकची स्वतंत्र जातच जोपासली आहे, कारण पांढरी लोकर हव्या त्या रंगात रंगवता येते. (आपल्याकडे देवावर ढाळायच्या चवरीलाही पांढऱ्या शेपटीचाच मान.) 2023 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपसात संकर होऊ शकणाऱ्या सात गोवंशीय प्रजातींचे 47 जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, एकत्र मांडून पाहिले होते. निष्कर्ष असा की जवळपास 90 टक्के पाळीव याकमध्ये गाईचा अंश आहे, आणि याकमधला पांढरा रंग आणणारा केआयटीचा फेरफार गाईंकडूनच आलेला आहे.

तो आला कसा? याक आणि गाय, दोघांची गुणसूत्रं साठच. संकर सहज होतो. लडाखमध्ये संकरित नराला झो आणि मादीला झोमो म्हणतात. झो ताकदीचा, नांगराला आणि ओझ्याला उत्तम, पण वांझ. झोमो मात्र विते. म्हणजे गाईचं जनुक याकच्या कळपात शिरायला वाट एकच: झोमोला याकचा वळू लावायचा, तिच्या कालवडीला पुन्हा याक, अशा काही पिढ्या. अंगाबांध्यानं ते जनावर याकच होतं, गाईचा थोडा अंश तेवढा मागे राहतो. मला वाटतं, रंगाच्या हौसेपेक्षा दुधासाठी पाळलेल्या झोमोंनीच हे काम जास्त केलं असावं.

तुमचा शेवटचा प्रश्न. या केआयटीच्या फेरफाराची एक प्रतही अंगावर दिसते. त्यामुळे दोन निखळ काळ्या याकना या वाटेनं पांढरं वासरू होणार नाही. आई किंवा बाप, कुणाच्या तरी अंगावर पांढऱ्याची खूण हवी. तपकिरी वासरू मात्र काळ्या जोडीला होऊ शकतं, कारण तपकिरी रंग काळ्याआड पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो. फक्त वासरू तपकिरी ठरवण्याआधी थोडं थांबावं. डोंगरातल्या उन्हानं काळी लोकर तांबूस पडते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जुनी लोकर झडायच्या आधी तर काळा याकसुद्धा तपकिरी भासतो. केस बाजूला करून मुळाशी बघा. तिथे काळा असेल तर तो काळाच.