पेशीचक्र पाठ करू नकोस

सोलापुरात एम.एस्सी.ला प्रवेश घेतलास, छान. पहिल्याच सत्रात पेशीचक्र, म्हणजे पेशी वाढून तिचं विभाजन होण्याचा क्रम, येईल आणि सगळे सायक्लिनची, म्हणजे हा क्रम पुढे नेणाऱ्या प्रथिनांची, नावं घोकत बसतील. तू त्या फंदात पडू नकोस.

आधी एवढंच पक्कं कर: सीडीके या, इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण पेशीत फारसं हलत नाही, वरखाली होतात ती सायक्लिन. सायक्लिन जोडीला आल्याशिवाय सीडीके काम करत नाही.

खरा जीव जी१ टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात आहे, तिथे वेळ घाल. आरबी हे प्रथिन ई२एफला, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतं. वाढीचा संकेत आला की सायक्लिन डी आणि सीडीके ४/६ आरबीवर फॉस्फेट चढवायला लागतात, पकड ढिली होते, ई२एफ सुटतो आणि सायक्लिन ईचं जनुक चालू करतो. मग सायक्लिन ई-सीडीके२ आरबीवर आणखी फॉस्फेट चढवतं. आता बाहेरचा संकेत थांबला तरी पेशी मागे फिरत नाही. ही साखळी न बघता कागदावर काढता आली पाहिजे.

डीएनएला इजा झाली तर पी५३ हे प्रथिन पी२१ नावाचं दुसरं प्रथिन बनवायला लावतं आणि पी२१ सीडीके२ला अडवतं. आपल्याकडे धागा तुटला की माग थांबवतात, तसंच. सायक्लिन बी-सीडीके१ आणि विभाजन त्यामानाने सरळ आहे, एका संध्याकाळी होईल.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: सायक्लिन नष्ट कसं होतं? युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण, मग प्रथिनं तोडणारं प्रोटिअसोम. नुसतं ‘संपतं’ म्हणालास तर गुण गेलेच. आणि २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं स्तनाच्या कर्करोगावरचं औषध पाल्बोसिक्लिब सीडीके ४/६लाच रोखतं, तेही सांग.