तुझं ते मिरजेचं सिम

पत्र मोठं आहे, कापून देतेय.

"माई, मी मिरजेची, वय ३२. नऊ वर्षं स्टाफ नर्स होते. आठ महिन्यांपूर्वी हे मिशनच्या कामासाठी नैरोबीला आले आणि नोकरी सोडून मीही आले. हे पाळकांच्या ट्रेनिंगला शिकवतात, सकाळी सातला जातात ते अंधार पडल्यावर येतात. भाजीपाला, दूध, सगळं येताना हेच आणतात, मला त्रास नको म्हणून. माझ्या फोनला अजून मिरजेचंच सिम आहे, पण घरात वायफाय आहे, आईशी दिवसातून तीन-चारदा बोलणं होतं, त्यामुळे अडत नाही. चर्चमध्ये बायका हात मिळवतात, हसतात, पण घरी कुणी येत नाही. पहिल्याच महिन्यात मंडळीतल्या एका बाईंनी शनिवारी 'साआ नाने'ला जेवायला बोलावलं. नाने म्हणजे आठ एवढं यांना येत होतं. रात्री आठला गेलो तर त्या गाऊनवर, आम्हाला बघून गडबडल्या. चहा-ब्रेड दिला, जेवणाचं नावच नाही. उपाशी परत आलो. त्यानंतर मी कुणाकडं गेले नाही. सासूबाई म्हणतात, बायबलातल्या रूथसारखी हो. हे म्हणतात, प्रार्थना कर, सवय होईल. आई म्हणते, सहा महिने निघून ये. रोज रडू येतं. माझा विश्वास कमी पडतोय का? येऊ का परत?"

पोरी, विश्वासाचं मला विचारू नकोस, ते तुझं आणि तुझ्या प्रभूचं, मी त्यात पडत नाही. मी अडकले ते मधल्याच एका ओळीत, जी तू सहज लिहून पुढं गेलीस. मिरजेचंच सिम आहे, अडत नाही म्हणे. अगं सगळं तिथंच तर अडलंय!

नऊ वर्षं स्टाफ नर्स, म्हणजे नाइट ड्युटीला अख्खा वॉर्ड एकटीनं सांभाळलेली, पिऊन आलेल्या नातेवाइकांना दंडाला धरून बाहेर काढलेली बाई तू, आणि आठ महिन्यांत एक कांद्याची जुडी स्वतःच्या हातानं घेतली नाहीस. कशी घेणार म्हणा. केनियात २००७ पासून एमपेसा आहे, फोनवरून पैसे द्यायची सोय, आपल्याकडं यूपीआय आलं २०१६ ला, त्यांच्याकडं त्याआधी नऊ वर्षं साध्या बटणाच्या फोनवरून लोक पैसे पाठवत होते. किराणावाला, भाजीवाली, मेकॅनिक, सगळे फोनवर घेतात. रोख चालतेच, पण तिथला नंबर नाही म्हणजे निम्मं पाकीट नाही, आणि उरलेलं निम्मं नवऱ्याच्या खिशात. बरं, कुणाला वाटलं की या नव्या बाईला फोन करून बघू, काय म्हणतीय, तर करणार कुठं? मिरजेला?

आता त्या जेवणाचं सांगते. हे वाचून मला आधी हसू आलं, मग त्या बाईची दया आली. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात गं. सकाळी सात म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. 'साआ नाने' म्हणजे आठवा तास, म्हणजे दुपारचे दोन! त्या माउलीनं दुपारी दोनचं जेवण मांडलं असणार, चपात्या लाटल्या असतील, हो, तिथं पण चपातीच म्हणतात, पाहुण्यांसाठी खास करतात, चार-पाच वाजेपर्यंत वाट बघून शेवटी पोरांना वाढलं असेल, भांडी घासून गाऊन घालून बसली असेल, आणि रात्री आठला तुम्ही दोघं दारात. वर सात महिने तूच रुसून बसलीस! उपाशी गेलीस म्हणतेस, पण तिनं ठेवलं का सहा तास उशिरा आलेल्यांना बाहेर? चहा-ब्रेड दिलाच ना? तुझ्या नवऱ्याला आत्तापर्यंत हा घोळ कळला असणार बघ, तिथं शिकवतोय म्हटल्यावर. विचार त्याला. मान खाली घातली तर समजून जा.

आणि मुद्दा घड्याळाचा नाहीच. तुझा नंबर तिच्याकडं असता तर अडीच वाजता तिनं फोन केला असता, अगं कुठं आहात, जेवण निवतंय. दोन मिनिटांत मिटलं असतं. तुझ्यापर्यंत येणारी प्रत्येक गोष्ट नवऱ्याच्या फोनमधून येते, आणि तो दिवसभर वर्गात. माणसं घरी येत नाहीत म्हणतेस, त्यांना वाट कुठं ठेवलीस?

नवरा चांगला आहे तुझा, दिसतंय की, दमून येतो तरी हातात पिशवी असते. पण लाडानं पांगळं करणं म्हणतात ते हेच, आणि तूही बसलीस आपली पांघरूण घेऊन, खरं सांगायचं तर सोयीचंच होतं तुला. आईचं तर मी काय बोलू. ती अडीच तास पुढं, तिथं भाकरी थापायला बसली की तुला भूक लागते. शरीर नैरोबीत आणि घड्याळ मिरजेचं, असल्या माणसाला रडू येणारच.

सासूबाईंनी रूथचं नाव काढलं ते बरं केलं. मी ख्रिश्चन नाही, पण मिरजेजवळच्या वानलेसवाडीत वाढले, शेजारच्या आजीकडून ती गोष्ट दहादा ऐकलीय. सगळे एवढंच सांगतात की रूथ सासूबरोबर परक्या मुलखात गेली. पुढचं कुणी सांगत नाही. बेथलेहेमात पोचली ती नेमकी जवाच्या सुगीत, आणि सासूला म्हणाली, मी जाते शेतात सरवा वेचायला. कुणी घरी येऊन भेटेल म्हणून थांबली नाही. परक्या लोकांच्या शेतात, कापणी करणाऱ्यांच्या मागं वाकून कणसं वेचली, तिथंच तिला बवाज भेटला, तिचा पुढचा नवरा. रूथसारखं व्हायचंय ना, मग ऊठ.

आणि मिरजेच्या पोरीला हे मी सांगावं? डॉक्टर वॉनलेस मूळचे कॅनडाचे, १८८९ ला इकडं आले, १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला, आणि शेवटी आपल्या लोकांनी त्यांच्या नावानं अख्खी वाडी ओळखली. ते मोठ्यांचं झालं. मला आठवते ती एक गोरी मॅडम, माझ्या लहानपणी, मिशनमध्ये होती, नाव नाही सांगत. मिरजेच्या भाजी मार्केटात स्वतः पिशवी घेऊन यायची. एकदा भेंडीच्या ढिगापुढं उभी राहून एकदम गंभीर तोंडानं विचारलं, "ही भेंडी कावळी आहे का?" कोवळी म्हणायचं होतं बिचारीला. भाजीवाली आधी आभाळाकडं बघितली, मग जी हसत सुटली, शेजारचे चार गाळे हसले, मॅडम लालबुंद, पण जागची हलली नाही, एक भेंडी उचलून टोक मोडून दाखवलं, हे असं, असं. "कोवळी व्हय! मग तसं म्हणा की बाई!" पावशेरावर एक मूठ जास्त पडली पिशवीत. तेव्हापासून मार्केटात ती कावळीबाई. आणि कावळीबाईला कधी कुणी शिळी भेंडी दिली नाही.

तर तू आता काय करायचं ते ऐक, प्रार्थना चालू ठेव पण हे उद्याच कर. पासपोर्ट घे, सिमच्या नोंदणीला तो चालतो, दुकानात जा, तिथलं सिम घे, त्याच बैठकीत एमपेसा चालू करून घे, पिन तुझा तू ठेव. मिरजेचं सिम काढून पर्समध्ये टाक. मग खाली उतर. नैरोबीत गल्लीबोळात 'मामा म्बोगा' बसलेली असते, मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी, म्हणजे आपली भाजीवाली मावशीच. तिच्याकडं सुकुमा विकी माग. शब्दाचा अर्थ आहे आठवडा ढकला, स्वस्त पालेभाजी, त्यावर माणसं आठवडा काढतात. ती पानांची गुंडाळी हातात घट्ट धरून सुरीनं इतकी बारीक चिरून देते की बघत राहशील. कांदा-टोमॅटोत परत, लसूण घाल, मेथीला आठवशील पण चालेल. चुकलीस, हसली, तर हसू दे. फोन चोरांचं तू लिहिलं नाहीस पण मनात असणार, खरं आहे ते, म्हणून दिवसाउजेडी जा, पैसे दिले की फोन आत टाक, मिरज स्टेशनवर काय वेगळं करत होतीस?

नवऱ्यासाठी एक ओळ. जावईबापू, पासपोर्ट कपाटातून काढून हिच्या हातात द्यायचा आणि गपचूप कामाला जायचं. सोबत जायचं नाही. संध्याकाळी पिशवी रिकामी आणायची.

परत यायचं का ते मला आज विचारूच नकोस, तू अजून तिथं गेलेलीच नाहीस तर परत कुठून येणार.

नवीन नंबरावरून पहिला फोन त्या चपात्यावाल्या बाईंना. 'पोले' म्हण, पोले म्हणजे वाईट वाटलं, माफ करा, आणि त्यांनाच जेवायला बोलाव, साआ नानेला, दुपारी दोन हं! आईला फोन त्याच्यानंतर. ती विचारेलच, भाजी केवढ्याला दिली, तेव्हा तुला सांगता आलं पाहिजे.